ओरडायचं तर तमिळात

पहिली काठी खांद्यावर बसली तेव्हा मला वाटलं, मागचं सामान सुटून अंगावर आलं. ओझं वाहणाऱ्याच्या मनात दुसरं काय येणार? मी ब्रेक दाबला, पाय टेकले, आणि दुसरी काठी कोपरावर बसली. तोंडातून निघून गेलं, "अगे आई!"

तिथंच घात झाला. "अय्यो अम्मा" ओरडलो असतो तर दोन फटक्यांवर सुटलो असतो. पण माणूस काय भाषा ठरवून ओरडतो?

"काय बोलला रे हा?" कोणीतरी तमिळात विचारलं.

"हिंदी! वडक्कन आहे, वडक्कन!"

वडक्कन म्हणजे उत्तरेकडचा. मी! माझा जन्म कुंभकोणमचा, बापाचा तिथलाच, आज्याचाही तिथलाच. आमचे लोक तंजावरच्या मराठी राजांच्या वेळी इकडे आले आणि इथल्याच कावेरीत राख होऊन गेले. मी उत्तरेला गेलोय तो फार तर चेन्नईपर्यंत, तेही मेव्हणीच्या लग्नाला, आणि तिथलं पाणीसुद्धा मला बाधलं होतं.

आता माझ्या मागं काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे निदान तुम्ही तरी मारायला उठणार नाही.

माझं नाव महालिंग. मोटारसायकलवरून जे जात नाही ते नेणं हा माझा धंदा. टेम्पो गल्लीत शिरत नाही आणि आमच्या गावात गल्ल्याच गल्ल्या. दारासुरमच्या विणकरांचे मागाचे लांबलचक रूळ मी नेलेत, लग्नाच्या दारात बांधायची घडासकट केळीची झाडं नेलीत, माणसाच्या उंचीचा आरसा नेलाय. एकदा बोकड नेला, तो सगळ्या वाटेत माझी कॉलर खात होता. त्या दिवशी होती बाहुली. कापडाच्या दुकानात दाराशी परकर-पोलकं घालून मांडतात ना, तसली, सहा-सात वर्षांच्या पोरीएवढी. दुकानाची नवी शाखा तिरुविडैमरुदूरला निघाली होती, तिथं पोचवायची. बसलेली बाहुली, त्यामुळं मागच्या सीटवर अगदी शहाण्यासारखी बसली. एक हात मात्र टाटा केल्यासारखा वर. मी तिला दोरीनं माझ्या कमरेशी बांधून घेतलं.

"तोंडाचा रंग ओला आहे हो, महालिंगम," दुकानातले पद्मनाभ म्हणाले. "धूळ बसली तर पोरीला कांजिण्या आल्यासारखं दिसेल."

म्हणून तिच्या डोक्यावरून गळ्यापर्यंत ढगळ कापडी पिशवी चढवली. परकर तरी उतरवून ठेवू या म्हटलं, तर पद्मनाभ केवढ्यानं ओरडले, "उघडी नेणार? लोक काय म्हणतील!"

घरावरून जाताना वसंता, माझी बायको, दारात उभी होती. घरात आम्ही आमचं जुनं मराठी बोलतो. गाडीकडे बघून म्हणाली, "कोणाची पोर पळवोन नेतांत हो?"

"तुझ्या बापाची!" मी म्हटलं, आणि दोघं हसलो. बोलाफुलाला गाठ पडते म्हणतात, ती अशी.

कारण गेले काही दिवस सगळ्यांच्या फोनवर एक निरोप फिरत होता. उत्तरेकडची टोळी आलीय, पोरांची तोंडं बांधून मोटारसायकलवरून नेते. कुठं पोर हरवलं, कोणाचं हरवलं, काही पत्ता नाही. पण वसंतेनंसुद्धा नातवाला दोन दिवस शाळेत धाडलं नव्हतं. आता गाव सोडून भाताच्या शेतांमधून माझी गाडी चाललीय. तोंडावर हेल्मेट, मागं डोक्यावर पिशवी घातलेली पोर, दोरीनं बांधलेली, मदतीसाठी हात वर केलेली. बसथांब्यावरच्या बायकांनी बघितलं आणि बोंब ठोकली. मला हेल्मेटात काही ऐकू आलं नाही. दोन गाड्या माझ्या मागं लागल्या, त्यांनी पुढं फोन केला, आणि नेमकं स्वामीनाथच्या चहाच्या टपरीसमोर मला गाठलं.

मी तमिळात ओरडत होतो, "अहो बाहुली आहे! दुकानातली बाहुली!" पण एकानं हेल्मेटवर वीट घातली आणि आतल्या आत माझे दात जिभेवर बसले. तोंडात रक्त भरलं की तमिळ काय आणि मराठी काय, सगळं गुळण्याच. गाडी आडवी झाली. बाहुली माझ्या कमरेशी बांधलेली, त्यामुळं मी तिच्यावर आणि गाडी माझ्या पायावर. कोणीतरी लाथ घातली ती बरगडीत. मोडलं ते मला ऐकू आलं, दुखलं नंतर.

तेवढ्यात हेल्मेट उपटलं गेलं आणि वर बघतो तो स्वामीनाथ! जिवात जीव आला. या टपरीवर मी बारा वर्षं चहा पितोय. त्याच्या पोरीच्या लग्नात भाड्याच्या समया मीच आणल्या, उतरवताना ज्योतीएवढासुद्धा पोचा पडू दिला नाही.

"थांबा! थांबा रे!" स्वामीनाथ दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभा राहिला. "हा आपला मालिंगम अण्णा आहे! कुंभकोणमचा! मी ओळखतो याला!"

हात थांबले. मी त्याचं धोतर धरलं. आता मागची दोरी सोडा, पिशवी काढून बघा, एवढंच म्हणायचं होतं. पण मागं एक पोरगेला गडी होता, त्याला थांबा म्हटलेलं ऐकूच आलं नसावं. त्यानं लोखंडी नळी माझ्या नडगीवर घातली.

"मेलों गे आई! मेलों!"

स्वामीनाथनं खाली माझ्याकडे पाहिलं. मला मारलं त्यातलं निम्मं मी विसरेन, ते बघणं नाही विसरणार. बारा वर्षांत त्यानं माझ्या तोंडून तमिळशिवाय अक्षर ऐकलं नव्हतं. महालिंग हे नावही तिरुविडैमरुदूरच्या देवाचं, त्याला संशय कुठून येणार?

"कुठली भाषा ही?" तो म्हणाला.

"घरची," मी म्हणालो. जीभ सुजलेली. त्याला ते ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

"इतकी वर्षं माझ्या टपरीवर बसून..." त्याचा आवाज चिरकला. "मला फसवलंस? माझ्या पोरीच्या मांडवात आलास तू!" त्यानं माझ्या हातातून धोतर हिसकून घेतलं आणि माझ्या तोंडावर पायातली चप्पल मारली. जोरात नव्हती. पण त्याची होती. आणि ओळखीचा माणूसच मारतोय म्हटल्यावर बाकीच्यांना काय, रान मोकळं.

एक बाई मात्र मारायला आली नव्हती. कडेवर स्वतःचं लेकरू घेऊन ती त्या गर्दीत घुसली, "अगं बाळा, ये, ये माझ्याकडे," म्हणत. बाहुलीचा वर केलेला हात तिनं धरला आणि सगळा जोर लावून ओढला. हात खांद्यापासून निखळून तिच्या हातात आला.

तसली किंकाळी मी जन्मात ऐकली नाही. ती बाई तो हात टाकूही शकेना आणि धरूही शकेना. "तोडला! याने पोरीचा हात तोडला!" मग जे झालं ते मी क्रमानं सांगू शकत नाही. दगड होता एक. कोणीतरी माझ्या बोटांवर उभं होतं. पेट्रोल घाला म्हणून कोणीतरी ओरडत होतं आणि कोणीतरी माझ्याच गाडीची नळी उपटत होतं, मला वास आला. मी बाहुलीला पोटाशी धरून पडलो होतो. का, ते विचारू नका. पोचवायची होती, एवढंच डोक्यात उरलं असेल.

शेवटी त्या बाईनंच हातातल्या हाताकडे नीट पाहिलं असावं. रक्त नाही, हाड नाही, आत पोकळ. ती वाकली आणि बाहुलीच्या डोक्यावरची पिशवी तिनं ओढून काढली.

लाल ओठ, काळेभोर डोळे, गालावर तीट. हसत होती. रंग कुठं पुसलासुद्धा नव्हता.

साप साप म्हणून भुई धोपटल्यावर माणसं जशी इकडेतिकडे बघतात, तशी ती बघायला लागली. कोणाला तरी काम आठवलं. गाड्या सुरू झाल्या. सगळा रस्ता बघता बघता रिकामा झाला आणि चपला तेवढ्या पडून राहिल्या. ती बाई राहिली. तिनं पदर भिजवून माझं तोंड पुसलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो तुटका हात मांडीवर घेऊन रडत बसली.

पोलिसांना मारणारं कोणीच सापडलं नाही. सगळ्यांनी म्हणे लांबून पाहिलं.

दवाखान्यात चौथ्या दिवशी स्वामीनाथ आला. हातात चहाचा थर्मास. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "अण्णा, तुमची भाषा दुसरी आहे, हे मला एकदा तरी सांगायचं होतंत."

माझं टाळकंच फिरलं. पाय प्लास्टरमध्ये नसता तर लाथच घातली असती.

"तू कधी विचारलंस?" मी म्हटलं. "चहा साखरेचा की बिनसाखरेचा, एवढंच विचारत आलास ना? आणि विचारून, सांगून, तू मारायचा थांबणार होतास काय?"

तो थर्मास ठेवून गेला. वसंतेनं तो चहा बेसिनमध्ये ओतला आणि थर्मास घासून परत पाठवला.

घरी आल्यावर वसंतेनं एक नवंच खूळ काढलं. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "पाय बरा जाला कीं पुन्हां गाडीवर बसणार ना तुम्ही?"

"नाही तर खायचं काय?"

"मग शिका. अय्यो अम्मा, म्हणा."

"वेड लागलं काय तुला?"

"म्हणा हो! पुढल्या वेळीं कोण्ही मारिलं तर तेवढं तरी नीट ओरडा!" तिचे डोळे भरून आले होते. "मला तुम्ही जिवंत पाहिजेत. भाषा नक्को."

मी म्हणून दाखवलं, शाळेतल्यासारखं. तिचं समाधान होईना. सांगून म्हणणं वेगळं आणि आतून येणं वेगळं, हे तिलाही कळत होतं. मग ती येताजाता मला चिमटे काढायला लागली. जेवताना, दाढी करताना, पेपर वाचताना. दर वेळी मी "अगे आई!" म्हणायचो आणि ती कपाळावर हात मारून घ्यायची. हसायचोसुद्धा आम्ही. आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दिवसभर तिची आठवण काढायला कोणाला सवड आहे? ठेच लागली, चटका बसला, की तेवढीच तिला हाक जायची माझी.

परवा दुपारी जेवून पडलो होतो. डोळा लागला होता. वसंतेनं अंगठ्यानं माझी मोडकी बरगडी दाबली. चिमटा नव्हे, चांगली दाबली.

"अय्यो अम्मा!"

"आलं!" ती टाळी वाजवून उठली. "आलं हो, आलं! आपणहोन आलं!" हसली, मग पदर तोंडात कोंबून रडायलाच लागली. डोळे पुसून तेलाची वाटी घेऊन आली आणि माझी बरगडी हलक्या हातानं चोळत बसली.

"फार दुखलं कां हो?" तिनं विचारलं.

"इल्लै," नाही, एवढंच मी तमिळात म्हणालो, आणि भिंतीकडे तोंड केलं.