बोसनचा नंबर

सिरिल आणि लिओ हे जुळे भाऊ चाळीस वर्षं एकाच सरकारी नंबरावर जगले. ते जन्मले तेव्हा बाप कॉड मासे खारवण्यात बुडालेला, त्यानं एकाचीच नोंद केली. पुढे त्या नंबरावर दात सिरिलनं उपटून घेतले, होडीचा परवाना लिओनं काढला; आमच्या टर बेटावर कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते लिओ फिलोमीनाशी लग्न करायला निघाला तेव्हा.

नोंदणीच्या बाई बोटीनं आल्या. वही उघडून म्हणाल्या, "या नंबराचं लग्न झालंय."

"ते सिरिलचं!"

"नंबराचं."

"अहो बाई," फिलोमीना कडाडली, "मला नंबराशी नाही, या ठोंब्याशी लग्न करायचंय!"

बाईंनी बोटांवर मोजून पाहिलं. "बेटावर त्रेसष्ट माणसं, नंबरही त्रेसष्ट. म्हणजे याच्या वाट्याचा नंबर कुणीतरी दाबून बसलंय."

मग बाईंनी नाव-नंबरांच्या चिठ्ठ्या मांडल्या आणि धक्क्यावर अख्खं बेट रांगेत. ज्यानं त्यानं आपली चिठ्ठी उचलायची आणि बाजूला व्हायचं. शेवटी लिओ उरला, आणि एक चिठ्ठी. नाव : बोसन. धंदा : मासेमारी.

सगळ्यांनी स्किपर अँब्रोजच्या काळ्या कुत्र्याकडे पाहिलं.

"मग?" म्हातारा लाल झाला. "पोहत जाऊन दोर आणतो तो खलाशीच ना? माझ्या बोटीच्या खलाशांच्या यादीत नाव घातलं. सरकारनं नंबर धाडला, तो काय परत करू?"

"आता लिओला देऊन टाका, स्किपर."

"मी कोण देणारा? त्याला विचारा."

लिओ गुडघ्यांवर बसला. "बोसनदादा, माझ्या लग्नाचा प्रश्न आहे हो." बोसननं चिठ्ठी चाटली आणि मग लिओचं तोंड. होकार मिळाला.

"एक आहे," बाई शिक्का उचलत म्हणाल्या, "या नंबरावर बुडणाऱ्यांना वाचवल्याचं पदक आहे."

आमच्यात पोहता कुणालाच येत नाही, लिओला तर बिलकूल नाही. पण कोण बोलतंय? शिक्का बसला, लगोलग लग्न लागलं, आणि परतीच्या बोटीत चढताना बाईंचा पाय घसरला. धप्प!

सगळं बेट लिओकडे बघायला लागलं.

"जा की, पदकवाले!" फिलोमीना ओरडली.

नवऱ्या मुलानं कोट काढला, उडी मारली आणि धोंड्यासारखा सरळ तळाला गेला. बोसननं पहिल्या खेपेला बाईंना आणलं, दुसऱ्या खेपेला लिओला, मानगुटीला धरून.

बाईंनी केसांतलं शेवाळ काढलं, ओली वही पिळली आणि पेन्सिल मागितली.

"हं, स्किपर," त्या म्हणाल्या, "या कुत्र्याचं पूर्ण नाव सांगा."