ममताची जोडणी काही बिघडेना

ममता राठोडनं सूड उगवायला म्हणून जे जे केलं, त्याबद्दल तिला भर सभेत शाल आणि नारळ मिळाला, आणि तोही ज्याच्यावर सूड उगवायचा त्याच्याच हातून. पण हे घडलंच नाही. ममताला विचारा, ती म्हणेल, कसली शाल? तेव्हा आपणही ते घडलं नाही असंच धरून चालू.

दोन हजार सहाच्या हंगामात दिग्रसकडं कापसाचं संकट फारच वाढलं, म्हणून वरून एक कॉम्प्युटर आला. भावही येणार होता, तो वाटेत राहिला. एका जिनिंगच्या आवारातल्या खरेदी केंद्रावर कॉम्प्युटर बसवला. तिथं दिवसभर रुई उडायची आणि राखणदार रात्रभर झोपायचा, म्हणून हुकूम निघाला की हार्ड डिस्क रोज संध्याकाळी काढून गावातल्या ऑफिसात न्यायची आणि सकाळी परत लावायची. डिस्क एका लोखंडी खणात होती. खण सरकवला की त्याच्या पाठीवरच्या पिना आतल्या सॉकेटात जायच्या. जायच्या म्हणजे जायला हव्या होत्या. एक पीन वाकली की केंद्र बंद, आणि कापसाच्या गाड्यांची रांग पार फाटकाबाहेर.

खण ने-आण करायचं काम ममताचं. ती जवळच्या तांड्यावरची, पुसदला कॉम्प्युटर शिकलेली, आणि नंदकिशोर सरांच्या हाताखाली लागलेली. केंद्राच्या कॉम्प्युटरचं कंत्राट सरांकडं होतं. सरांच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या. वस्तूला हात न लावता तिच्यावर सही कशी करायची, हे त्यांना शिकावं लागलं नव्हतं.

वाकल्या पिना सरळ करून करून ममता जेरीस आली. एका सकाळी तिचा बाप देवीलाल गाडी जुंपत होता. त्यानं जू नुसतं उचलून धरलं आणि बैलानं आपणच मान घातली. हा चुकत कसा नाही, असं तिनं विचारलं.

"छोरी, जू घट्ट धरलं का बैल बिचकते," देवीलाल म्हणाला. "ढिलं धर. तो आपूनच सरकून बसते."

त्याच दिवशी ममतानं सॉकेटचे स्क्रू काढले आणि ते बॉलपेनच्या स्प्रिंगांवर डुलतं ठेवलं. खणाला दोन बाजूंनी सायकलच्या आऱ्याचे लांब खिळे लावले, सॉकेटला त्यांच्यासाठी नरसाळ्यासारखी तोंडं केली. आता खण कसाही ढकला, आधी खिळे शिरायचे, डुलतं सॉकेट ओढून नेमकं समोर आणायचे, आणि मग पिना बिनबोभाट आत. त्यानंतर एकही पीन वाकली नाही.

मग एके दिवशी खणावर पितळी पट्टी आली: 'नंदकिशोर जोडणी'. ममतानं विचारलं तर सर शांतपणे म्हणाले की तुझं नाव लावलं तर लोक विचारतील, ही कोण? ममताला झोंबलं ते एवढ्याचसाठी की लोकांनी तेच विचारावं अशी तिची इच्छा होती. ही जोडणी आता सरांच्याच हातात, चारचौघांत बंद पडली पाहिजे, असं तिनं ठरवलं. सरांना ती उघडतासुद्धा येणार नाही. मग कोणाला येते, ते गाव बघेल.

चारचौघांचीही सोय झाली. कापसाच्या संकटावरचा उपाय म्हणून जोडणी बघायला यवतमाळहून मोठे साहेब येणार होते, आणि त्यांच्यापुढं केंद्रावरच सभा भरणार होती.

ममता कामाला लागली. तिनं नरसाळ्यात रुई कोंबली. खिळ्यांनी ती मागं रेटली, जाताजाता पिना पुसून निघाल्या, आणि कॉम्प्युटर पहिल्यापेक्षा लवकर सुरू झाला. तिनं एक स्प्रिंग काढून टाकली. सॉकेट आणखी डुलायला लागलं आणि खण एका बोटानं बसायला लागला. एका बोटाचं काम आहे, असं सर ज्याला त्याला सांगत सुटले. बोट मात्र ममताचं दाखवायचे. तिनं एक खिळा कानशीनं घासून बारीक केला, तर जरासा अडायचा तोही अडेना. पट्टीवर 'सुधारित' हा शब्द वाढला. ममतानं स्वतःला गोरबोलीत शिव्या घातल्या, कारण मराठीतल्या संपल्या होत्या.

सभेच्या सकाळी तिनं शेवटचा घाव घातला. सॉकेट काढून सरळ उलटं बसवलं. आता खण आत जाणं शक्यच नव्हतं. लग्नघरातल्या वरमाईसारखी ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

साहेब आले. सरांनी भाषण केलं, त्यात कापूस एकदा आला आणि सर स्वतः बरेचदा. मग त्यांनी खण उचलला. इथं ममताची एक गफलत झाली होती. सरांनी जन्मात कधी खण लावला नव्हता. त्याचं वर कुठलं, खाली कुठलं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी तो उलटा धरला आणि ढकलला. खट्. पडदा उजळला.

पट्टीवरचं नाव उलटं काहून दिसते, असं साहेबांनी विचारलं. ही दोन्ही अंगांनी चालते, असं सरांनी सांगितलं. टाळ्या पडल्या.

ममता उभी राहिली. "साहेब, हे मी बनवलं."

सर हसले. सहाय्यक आहे आमची, वस्तूला फार जीव लावते, म्हणाले.

"मी बनवलं म्हणून तं बिघडवून राह्यली न मी," ममता म्हणाली. "रुई कोंबली. स्प्रिंग काढली. खिळा घासला. आज तं सॉकेटच उलटं ठोकलं. विचारा सरले, त्यायले यातलं एक तरी कळलं काय."

साहेब पुढं वाकले.

"आणि तरीही चालते?"

"चालते न," ममता अभिमानानं म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं.

साहेबांनी सोबतच्या बाबूला लिहून घ्यायला लावलं: महिला कर्मचाऱ्याकडून कठोर चाचणी, निकाल समाधानकारक. सरांनी नारळ आणि शाल मागवली. ती तिच्या खांद्यावर टाकताना ते हळूच म्हणाले, "असं काही करायचं असलं तर आधी सांगत जा न, बेटा. पट्टीवर जागा ठेवली असती."

दुसऱ्या दिवशी ममतानं तहसीलीत अर्ज दिला आणि पोचेचा शिक्का मारून घेतला:

"विषय: जोडणीस आदेश मिळणेबाबत. सदर जोडणी श्री. नंदकिशोर यांचे हस्ते लावली असता तिने बसू नये, व अर्जदाराचे हस्ते लावली असता विनातक्रार बसावे, असे लेखी आदेश सदर जोडणीस तात्काळ निर्गमित करण्यात यावेत. सदर जोडणी कोणाचेही ऐकत नसल्याने, आदेशाची एक प्रत तिच्या सॉकेटात, तिला दिसेल अशा बेताने ठेवण्याची परवानगी असावी."