उतरलेली तार

फाल्गुनातली सकाळ मिरजेवर उतरते ती आधी भोपळ्यांवर. तंबोरे घडवणाऱ्यांच्या गल्लीत, माडीमाडीवर उन्हात टांगलेले, ताम्रवर्ण, तुंदिलतनू, आतून रिते भोपळे. आणि त्यांच्या रितेपणात शिरून बसलेला कोवळा, केशरगर्भ प्रकाश. अजून तार नाही, अजून तारेखालची घोडी नाही, अजून सूर नाही. पण बैठक मात्र मुरलेल्या गवयाची.

दूर कृष्णाकाठी शेवटची गुऱ्हाळे धुमसत होती. वाऱ्याला काकवीचा वास होता. सावरीने पानांचा संसार सोडून अंगभर रक्तवर्ण फुले पेटवली होती, आणि त्या फुलांत चोच बुडवून साळुंक्या सकाळपासून कामाला लागल्या होत्या. सृष्टीत जो तो आपापल्या कामाला लागला होता.

सौदामिनी तंबोरा लावत होती.

सौदामिनी म्हणजे वीज. नाव ठेवणाऱ्या आत्येचा दोष नाही. बारशाला कुणाला पुढचे दिसते? मेघमंडित, गर्जनगंभीर आभाळ तिच्या मनात बारा महिने दाटलेले असे. चमकण्याचा मुहूर्त तेवढा उद्याचा असे.

तरुणपणी तिने देसकार रागात एक बंदिश बांधायला घेतली होती. बंदिशीची स्थायी, म्हणजे पहिला भाग, एका सकाळी आपसूक आली, दारात गाय येऊन उभी राहावी तशी.

पाट वाहे दारावरूनी, रोप तरी तहानेले.

तिचे गुरू भार्गवबुवा ते ऐकून डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "अंतरा आण." बुवांनी मागितलेला तो उत्तरार्ध आणायला सौदामिनी घरी गेली. तेव्हा तिचे केस काळे होते.

बुवांच्या घरचा दंडक एकच: तंबोरा लागल्याशिवाय गळा उघडायचा नाही. लाखमोलाचा दंडक, आणि आळसाला त्याहून सुंदर घर आजवर कुणी बांधून दिले नसेल. सकाळी ती तंबोरा मांडीवर घेई. खुंटी पिळी, मणी सरकवी, तार घुमवणारा जवारीचा दोरा बोटभर इकडे, केसभर तिकडे. हवा दमट असे, म्हणून तार उतरे. हवा कोरडी असे, म्हणून तार चढे. हवा कधी नेमकी असलीच, तर माळा झाडायचा राहिलेला असे. लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायच्या असत. पंख्याच्या पात्यांवरची धूळ, जी वर्षानुवर्षे कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात नव्हती, ती अंतऱ्याच्या आठवणीसरशी डोळ्यांत खुपू लागे.

मग ती तंबोरा दुरुस्तीला देई. गल्लीतले हमीदचाचा तो उचलून घेत आणि म्हणत, "ताई, हा राहतो माझ्याकडंच. तुमच्याकडं पाहुणा म्हणून येतो."

उद्या नावाचे एक तीर्थक्षेत्र आहे. तिथे निघालेला यात्रेकरू रोज निघतो, रोज शिदोरी बांधतो, रोज शुचिर्भूत होऊन उंबऱ्यात उभा राहतो. पोचल्याचे कुणी ऐकिवात नाही.

आणि इकडे बुवांच्या कानांतला प्रकाश मावळत चालला होता. आधी डावा कान गेला, सायंकाळी पश्चिमेची खिडकी लावावी तसा. मग उजव्यात फक्त वरचे सूर उरले, मग तेही नाहीत. बुवांनी निरोप धाडला होता: ऐकू येतेय तोवर अंतरा ऐकव. सौदामिनीने उलटा निरोप धाडला होता: येत्या आठवड्यात नक्की. तो आठवडा आला नाही. पुढचा निरोप बुवांच्या सुनेचा आला, की आता ढोल वाजवला तरी ऐकू जात नाही, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना नागपूरला नेणार आहोत.

त्या दिवशी सौदामिनीने माळा झाडला नाही. ती गोणपाटात गुंडाळलेला तंबोरा घेऊन निघाली, आणि रस्ताभर तिला आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येत राहिला.

बुवा पडवीत बसले होते. पिंपळपानासारखे जाळीदार, वार्धक्यविरल, पण ताठ. तिला पाहताच त्यांनी तंबोऱ्याकडे बोट केले. तिने खालमानेने तारा छेडल्या. चार तारांतल्या मधल्या दोघी जुळ्या बहिणी, एकाच षड्जाच्या; त्यांतली एक रुसून किंचित खाली उतरली होती. सौदामिनीचा हात सवयीने खुंटीकडे गेला.

बुवांनी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवला, क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "लागला."

तिने मान हलवली. तारेकडे बोट दाखवून तळवा खाली केला: उतरलीय.

"मला ऐकू येत नाही," बुवा शांतपणे म्हणाले. "म्हणजे माझ्यापुरता लागला. आता गा."

ज्या माणसाने केसभर उतरलेल्या तारेसाठी भर मैफलीत साथीदाराला उठवले होते, त्याने हे म्हणावे! सौदामिनीने दोन्ही हातांनी खूण केली, की अंतरा नाही, सुचला नाही, चांगली ओळ सापडत नाही.

"मग वाईट आण," बुवा म्हणाले. "मला काय कळणार आहे? माझ्यासारखा श्रोता तुला जन्मात मिळायचा नाही, बाई. पाडव्यापर्यंत रोज यायचं."

आणि ती रोज आली.

पळस पेटून विझू लागला, ती आली. होळीची राख अंगणातून उडाली, ती आली. काही सुचले होते म्हणून नव्हे. सुचले नव्हते तरी आली. मोबाइल घरी तांदळाच्या डब्यात पुरून आली, आणि डबा आतून गुरगुरत राहिला. पंख्यावरच्या धुळीने हाका मारल्या, बरण्यांनी पदर ओढले, माळ्याने जिना अडवला, ती आली.

पहिली ओळ इतकी वाईट होती, की पडवीतल्या दांडीवरची साळुंकी उडून गेली. चंद्रकिरणांनी विणलेले, स्वप्नपुष्पांनी गुंफलेले काहीतरी होते ते. रोपाला पाणी सोडून बाकी सारे मिळत होते. बुवा भोपळ्यावर हात ठेवून बसले होते, निर्विकार, निश्चल. ती थांबली. बुवांच्या बोटाने भोपळ्यावर टिचकी मारली.

टक.

तिच्या ध्यानात आले: भोपळ्याला दोन थरथरी येतात. एक तारांची, एक गळ्याची. गळ्याची थांबली की म्हाताऱ्याला कळते.

दुसऱ्या दिवशीच्या ओळीत नुसताच बांध होता. आणखी एका दिवशीच्या ओळीत ओल होती, पण ती जमत नव्हती. एका सकाळी काहीच नव्हते. त्या सकाळी तिने ऊन पडवीतून अंगणात सरकेपर्यंत जुनी स्थायी गायली, पाट वाहे, पाट वाहे, पाट वाहे, आणि थकून थांबली की टक. लाज सुकली. मग घसा सुकला. मग, गाळ बसल्यावर पाणी निवळावे तसे, मनाचे इकडेतिकडे पाहणेच थांबले. तार उतरलेली होती. तिने ती रोज ऐकली, रोज सोसली, आणि खुंटीला हात लावला नाही.

पाडवा उजाडला.

दारोदारी जरतारी, निंबमोहरगंधित गुढ्या उभ्या राहिल्या. बुवांच्या घरी एका कोपऱ्यात नागपूरच्या बॅगा उभ्या होत्या. अंतरा अजून झाला नव्हता.

बुवा पूजेला बसले होते, म्हणून ती परसात थांबली. मोरीचे पाणी चिंचोळ्या पाटाने वाहत होते, चमचमत, चपळचरण, कुणाचेही देणे नसल्यासारखे. पाटापासून वीतभर अंतरावर मोगऱ्याचे कोवळे रोप मान टाकून उभे होते. मध्ये वाळल्या मातीचा एवढासा कंगोरा. एवढासाच. रोज ती या परसावरून गेली होती, आणि रोज या रोपाची तिला कणव आली होती.

ती खाली बसली. हाताने माती फोडली.

पाणी क्षणभर बिचकले, मग वळले, मग गेले. काळी, तृषार्त, भेगाळलेली माती एक उसासा टाकून भिजत गेली. आणि बोटांना गारवा लागला तिथेच, टाकून दिलेल्या साऱ्या ओळींमधून एकेक शब्द उठून आला. वाईट ओळीतला बांध, फसलेल्या ओळीतली ओल. जणू कुणी एकेकाला नाव घेऊन हाक मारत होते.

ती चिखलभरल्या हातांनी धावत पडवीत आली. हात धुवायला मोरी होती. धुतले नाहीत. तंबोरा कोपऱ्यात होता, तो मांडीवर घेतला. पूजा आटोपून पडवीत आलेल्या बुवांनी तळहात भोपळ्यावर ठेवला.

बांध फोड अपुल्या हाती, ओल जाउ दे मुळाशी.

सूर मध्यसप्तकातून उठला, पायरीपायरीने, न अडखळता, न वळून पाहता. तारषड्जावर पोचला आणि तिथे उभा राहिला, गुढीसारखा. ऊन उभे राहिले. अंगण उभे राहिले. तांब्याच्या गडव्यावर उजेडाचा एक ठिपका थरथरत राहिला, आणि बुवांच्या हातावरच्या निळ्या, नदीनिळ्या शिरा त्याच लयीत थरथरल्या.

ती थांबली. टिचकी आली नाही.

बराच वेळ बुवांनी हात उचलला नाही. गालांवरून काही ओघळले, ते त्यांनी पुसले नाही. मग ते डोळे न उघडताच म्हणाले,

"जोडीतली एक तार उतरलीय. हाताला कळतंय. पहिल्या दिवसापासून."

सौदामिनीने मान वर केली. मग हसू आले, मग रडू आले, मग दोन्ही एकाच पाटाने वाहू लागले. आणि हात, तो जन्माचा सवयीचा हात, खुंटीकडे निघाला.

बुवांनी तो वाटेतच धरला. चिखलासकट भोपळ्यावर ठेवला, आपल्या हाताशेजारी.

"राहू दे," ते म्हणाले. "गा."

ती पुन्हा गाऊ लागली. बाहेर गुढीचा जरीकाठ वाऱ्यावर हलत होता, परसात मोगरा हळूहळू मान उचलत होता. ताम्रवर्ण भोपळ्यावर दोन तळहात, एक सुरकुतलेला, एक मातीने माखलेला. आणि त्यांच्याखाली, किंचित उतरलेल्या तारेच्या लाटेवर, थरथरत, झिरपत, ओल खाली उतरत गेली. मुळापर्यंत.