शिवी कशाला म्हनायचं ते रंगनाथ ठरवतो

मी सिल्व्हिया. नववीत शाळा सोडली. आता आईच्या टोळीत कांदा काढते. आई, म्हंजी एस्तेर, अकरा बायकांची मुकादम. आमच्या कर्जत तालुक्यातल्या गावात काम मिळतं ते व्हाट्सॅपच्या ग्रुपवर. शेतकरी टाकतो, 'उद्या बायका पायजेत'. आई खाली टाकती, 'येतो'. जो ग्रुपात न्हाई त्याला काम न्हाई.

आमच्याकडं रीत हाय. सांजच्याला काम सुटलं की मालक प्रत्येक बाईच्या ओच्यात घरी न्यायला कांदे घालतो. मंगळवारी आबासाहेबांनी सोताच्या हातानं घातले. त्यांचं पोरगं सुनील पुन्याला असतं, ते आलं हुतं. आमी ओचे धरून निघालो तर हे बांधावरनं फोटो काढतंय. घरी पोचायच्या आत ग्रुपवर: 'एस्तेरची चोरटी टोळी. शेतकऱ्यांनी सावध राहा.'

अडीचशे मानसं ग्रुपात. निम्म्यांनी आमच्या ओच्यात कांदे घातलेत. एकानंबी तोंड उघडलं न्हाई.

मी लिवलं, 'माकडतोंड्या, आधी बापाला इचार.'

दोन मिन्टात मला काढलं.

ॲडमिन रंगनाथ. स्टँडवर झेरॉक्सचं दुकान हाय त्याचं. तशीच गेले.

"मला का काढलं?"

"शिवी दिली तू. शिवी दिली की भायेर. नियम हाय."

"आन चोरटी म्हनलेलं?"

"त्यात शिवी कुठंय? ती माहिती हाय."

"कुनी तपासली?"

"मी काय पोलीस हाय का? मी फक्त भाषा बघतो."

"तुझ्या मेव्हन्यानं लायनमनला आईवरनं शिव्या घातल्या, तो अजून हाय की ग्रुपात."

"तो तापला हुता तवा."

"मी काय गार हुते?"

"पोरीच्या जातीला शोभतं का हे? जा. माफीची व्हाईस नोट पाठव, मंग बघू."

माफी मागते माझी चप्पल. घरी आले, आईचा फोन घेतला. सुनीलच्या डीपीचा फोटो टाकला, खाली त्याचेच शब्द: 'चोरटा सुनील. शेतकऱ्यांनी सावध राहा.' एक शिवी न्हाई. बघू म्हनलं रंगनाथ आता कुठली भाषा बघतो.

त्यानं आईला काढलं.

आईनं माझ्या हातातनं फोन हिसकला. "झालं तुझं समाधान? आता आपल्याला काम कोन सांगंल?"

ती आबासाहेबांकडं निघाली, मी मागं.

"आबासाहेब, ग्रुपवर येवढंच बोला, कांदे मी दिले."

"मला ठाव हाय गं एस्तेर. पन पोराची इज्जत जाईल."

"आन माझी?"

"तू कामाला ये की. अर्धं रान ऱ्हायलंय. ते मोबाईलचं काय घिऊन बसलीस."

"तुमी बोलल्याबिगर एकबी बाई येनार न्हाई," आई म्हनली.

सकाळी आमच्या टोळीतल्या सहा बायका त्यांच्याच रानात. पुढं सत्यशीलामावशी, आईची चुलतबहीन. मी रस्त्यात आडवी गेले तर म्हनती, "तुमच्या फोटोपायी माझ्या पोरांना उपाशी ठिवू का?" दुपारी शेजारच्या कृपाच्या फोनवर बघितलं. सुनीलनं त्या सहा जनींचा फोटो टाकलेला, 'प्रामाणिक टोळी'. खाली रंगनाथचा अंगठा. आमचा फोटोबी तिथंच, वर.

मी दगड घिऊन दुकानावर निघाले हुते. आईनं दंड धरून खाली बसवलं. "दगड टाक. नंबर वाच." जुन्या वहीतले शेतकऱ्यांचे नंबर मी वाचत गेले, ती फोन लावत गेली. "एस्तेर बोलते. कांदा निघाला का तुमचा?" तिघं म्हनले, कळवतो. चौथा राशीनकडचा. त्यानं इचारलं, "त्या फोटोतली एस्तेर का?"

आईनं माझ्याकडं बघितलं न्हाई. "व्हय. तीच."

मंग तो म्हनला, "बायका किती हायेत?"

"पाच," आई म्हनली.