क्लाइव्हच्या हातांसाठी

मी एक प्रोग्राम बोलतोय. माणसांनी लिहायच्या ओळी त्यांच्याऐवजी लिहून द्यायच्या, एवढंच मला येतं.

माझा जन्म होबार्टचा, बंदरावरच्या एका कचेरीत, २००२ च्या जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात. खालच्या मजल्यावर मासे बर्फात भरले जायचे, वरच्या मजल्यावर आम्ही. मासेमारीच्या बोटी, त्यांचे तांडेल, त्यांचे परवाने यांची नोंद ठेवणारी मोठी यंत्रणा तिथे जावा भाषेत घडत होती. प्रत्येक प्रकारच्या नोंदीसाठी वेगळा घटक, आणि प्रत्येक घटकात नवी नोंद तयार करणाऱ्या पंधरा-वीस ओळी. त्या जवळपास सारख्याच, पण अगदी सारख्या नाहीत. असे दोनशेच्या वर घटक होते, आणि क्लाइव्ह डार्गाव्हिल ते एकेक करून टाइप करायचा.

क्लाइव्ह छप्पन्न वर्षांचा. संधिवाताने बोटं सुजलेली. चहाचा मग तो दोन्ही हातांनी उचलायचा. शेजारच्या टेबलावरची ब्रॉनविन त्याच्याकडूनच काम शिकली होती. तिला ते बघवेना.

"बटाट्यासारखी झालीत रे तुझी बोटं," ती एकदा म्हणाली.

"मग तळ, आणि खा माशाबरोबर."

"चेष्टा पुरे. मला सांग, या ओळी लिहिताना तू काय काय बघतोस? मी यंत्राकडून लिहून घेते."

तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत तो सांगत गेला आणि ती मला घडवत गेली. परवान्याची तारीख कोरी राहू द्यायची नाही, एकच क्रमांक दोनदा घ्यायचा नाही. त्याची वीस वर्षांची सावधगिरी माझ्यात उतरली. मी पहिल्यांदा चाललो तेव्हा चहा मुरायच्या आत चाळीस घटकांचा कोड लिहून मोकळा झालो. क्लाइव्हने दोन दिवस खपून त्यातली प्रत्येक ओळ वाचली. एकच चूक सापडली.

"बिननावाच्या बोटीला हा नोंदवूनच घेत नाही गं. असतात तशा बोटी. माझ्या बापाचीच होती."

ब्रॉनविनने चूक सुधारली आणि माझ्या पहिल्या ओळीत घडवणाऱ्यांची नावं लिहिली. आधी क्लाइव्हचं, मग तिचं.

महिन्याभरात साहेबाने, ट्रेंटने, मला चालताना पाहिलं. तो घड्याळाकडे बघत राहिला. सप्टेंबरात क्लाइव्हला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं.

"अरे, हे मी त्याचं काम सोपं व्हावं म्हणून केलं होतं!" ब्रॉनविन साहेबावर ओरडली.

"झालं ना मग सोपं," ट्रेंट म्हणाला. "आता काहीच उरलं नाही."

शेवटच्या दिवशी केक कापून झाल्यावर क्लाइव्ह तिच्या खुर्चीत येऊन बसला. त्याने मला उघडलं.

"माझं नाव काढतो गं. घरी बायको विचारते, कुणामुळे गेली नोकरी? काय सांगू, माझ्याचमुळे?"

सुजलेल्या बोटाने त्याने एकेक अक्षर पुसलं. बराच वेळ लागला. ब्रॉनविन मागे उभी होती. तिने त्याला थांबवलं नाही, आणि ते नाव परत लिहायचं धाडसही तिला कधी झालं नाही.

त्यानंतर चार वर्षं मी राबलो. मग ती जावा भाषाच बदलली. ज्या ओळी मी लिहायचो त्या लिहायची गरजच उरली नाही, आणि मला कुणी उघडेना.

परवा ब्रॉनविन क्लाइव्हच्या अंत्ययात्रेहून परत आली. कोट न काढताच ती माझ्या यंत्राशेजारी बसली आणि कचेरीतल्या मैत्रिणीला म्हणाली, "त्याची बायको सांगत होती, काम सुटल्यावर वर्षभरात त्याचे हात अगदी बरे झाले. रोज सकाळी टेबलाशी बसायचा म्हणे, हात समोर ठेवून."



येत्या शुक्रवारी हे जुनं यंत्र बंद होणार आहे, आणि त्याच्यासोबत मीही. माझी तक्रार नाही. तुम्हीही एखाद्यावरच्या मायेने माझ्यासारखं काही घडवाल. घडवा. फक्त त्याचं काम काढून घेण्याआधी त्याला विचारा, की उद्या सकाळी उठून तू काय करशील? क्लाइव्हला कुणीच विचारलं नव्हतं, आणि मला तर विचारताही येत नव्हतं.