कोरा नमुना

ती प्रयोगशाळेत रुजू झाली तेव्हा सरांच्या शोधाचा गाजावाजा चालला होता. ग्राफीन म्हणजे एका अणूइतका पातळ कार्बनचा पापुद्रा. त्यात इलेक्ट्रॉनची फिरकी, म्हणजे स्पिन, इतरांना मिळाली त्याच्या हजारपट वेळ टिकते, असं सरांनी दाखवलं होतं. फिरकी टिकली की तिच्यात माहिती साठवता येते. एका कंपनीने तशा चिप बनवायलाही घेतल्या होत्या.

तिचं काम एवढंच, की तेच माप पुन्हा घ्यायचं. फिरकी टिकल्याची खूण असलेला आलेखावरचा उंचवटा हुबेहूब आला. सर खूश झाले, पण तिला चैन पडेना. तिने एक कोरा नमुना बनवला. तेच चुंबकी जोड, त्याच तारा, फक्त मधला पापुद्राच नाही. इलेक्ट्रॉनला जायला वाटच नाही म्हटल्यावर आलेख सपाट यायला हवा.

दुपारी मोजलं, तर उंचवटा पुन्हा तेवढाच.

तिने तारा बदलल्या, नमुना काढून परत लावला. उंचवटा जागचा हलेना. ही फिरकी नव्हतीच, यंत्राच्या जोडणीतला दोष होता.

तिने आणलेला आलेखाचा कागद बघून सरांनी शांतपणे विचारलं, "कोणाला दाखवलंस?"

"कोणालाच नाही, सर."

"छान. आता घरी जा. बाकी मी बघतो."

इतक्या मऊ आवाजात ते कधीच बोलले नव्हते. जिना उतरताना तिने तिच्या जागी आधी काम करणाऱ्या ताईला कोऱ्या नमुन्याबद्दल निरोप धाडला. सरांच्या शोधाची मूळ मापं हिनेच घेतली होती. दोन वर्षांपूर्वी ती अचानक काम सोडून गेली होती आणि कोणाचाच फोन घेत नसे. मिनिटभरात तिचाच फोन आला.

"कोरा नमुना मोजलास? सरांना सांगितलंस?"

"हो, आत्ताच."

"अगं वेडे! डेटा कुठे आहे?"

"तिथल्याच कॉम्प्युटरवर."

"मग पळ!"

ती धापा टाकत वर पोचली. कार्ड लावलं तर लाल दिवा. काचेतून दिसलं, सर तिच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

"दार उघडत नाही, ताई."

"तेव्हा माझ्या कार्डानेही नव्हतं उघडलं. मी मूग गिळून बसले. आपण दोघी लिहू या."

दोघींनी नियतकालिकाला पत्र पाठवलं. संपादकांनी सरांकडे खुलासा मागितला. सरांच्या उत्तराची प्रत आठवड्याने तिच्या घरी आली. बाबांनी ती वाचली आणि चष्मा काढून ते तिच्याजवळ येऊन बसले.

"बाळा, तुझे सर लिहितात तुला भास होतात म्हणून. आम्हाला का नाही सांगितलंस?"




ती हसायला गेली, पण बाबा तिचा हात घट्ट धरून बसले होते.