कोरड्या बांधीतलं माप

पहिल्या चार अँटेना नापास झाल्या तेव्हा भोजराज रहांगडालेनं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि रिकामी होईपर्यंत खाली आणली नाही.

दवनीवाड्याच्या शिवारातली शेतकरी शालीकरामची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, त्यानं या चाचणीसाठी एक दिवस मागून घेतली होती. नांगरलेल्या कोरड्या जमिनीच्या दोन टोकांना दोन खांब. एकावरून मायक्रोवेव्ह लहरी सुटत होत्या. दुसऱ्यावर सकाळी आधी प्रमाणित हॉर्न, म्हणजे मोजमापासाठीची नरसाळ्यासारखी अँटेना, लावून त्याचा आकडा घेतला, मग त्याच जागी भोजराजच्या कारखान्यातली एकेक ताटलीसारखी अँटेना चढवली. दोन आकड्यांतल्या फरकावरून अँटेनाचा गेन, म्हणजे ती लहरी एका दिशेला किती एकवटते, ते कळतं. अट किमान तेवीस डेसिबलची, म्हणजे डीबीची. चारही बावीस पॉइंट तीनच्या आसपास थांबल्या.

या दहा अँटेना नदीकाठच्या पूर-इशारा भोंग्यांवर बसणार होत्या. मागच्या पावसाळ्यात जुन्या अँटेनाचा संदेश धारेत हरवला, भोंगा वाजला नाही. पाणी दारात आल्यावर गाव उठलं. त्या गावात रीता पटलेची आत्या राहते. रीता कारखान्याची तंत्रज्ञ; मीटर तिच्याकडे होता.

जेवणानंतर पाचवी चढली.

"तेवीस पॉइंट चार," रीता म्हणाली.

सहावी तेवीस पाच. दहावीपर्यंत एकही खाली आली नाही. भोजराजनं पहिली पुन्हा चढवायला लावली. तीही तेवीस चार.

"केबल ढिली होती जी सकाळी," तो नागपूरहून आलेल्या तपासनीस कटरेंना म्हणाला. "मी तर तेव्हाच म्हणून राहिलो होतो."

"असू शकतं," कटरे म्हणाले. त्यांना गोंदियाहून संध्याकाळची गाडी होती. त्यांनी तक्ता पुढे ओढला.

केबल सकाळी रीतानं स्वतः पान्यानं आवळली होती. ती ढिली नव्हती.

"साहेब, सही करायच्या आधी हॉर्न पुन्हा लावू. सुरुवातीला लावतो तसा शेवटीही लावायचा असतो."

"रीता." भोजराजचा आवाज खाली आला. "काऊन उगाच उकरून राहिली? पास झाल्या ना!"

"काय बदललं ते कळलं नाही, भाऊ."

"सगळं कळलंच पाहिजे काय तुला? साहेबांची गाडी सुटंल."

कटरेंनी पेनाचं टोपण काढलं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग रीताकडे. "दहा मिनिटं."

टेबल बांधाच्या खाली, आंब्याच्या सावलीत होतं. तिथून बांधी दिसत नव्हती. हॉर्न घेऊन रीता बांधावर चढली आणि थांबली. दोन खांबांच्या मधोमध पाणी पसरलं होतं. ढेकळं बुडाली होती, त्यात पलीकडचा खांब उलटा दिसत होता. कोपऱ्यात पाण्याची मोटार घुमत होती.

शिडीवर केवळराम होता. कारखान्यात वेल्डिंग करायचा. आज दिवसभर अँटेना चढवायचं काम त्याचं होतं.

"हे पाणी कधीपासून?"

"दुपारपासून. तुम्ही जेवत होते."

"सांगितलं नाहीस?"

"कोणी इचारलं काय मले?"

हॉर्न चढला. टेबलाशी परत येऊन रीतानं मीटर तीनदा वाचला. हॉर्न तोच, खांब तोच, केबल तीच. आकडा सकाळपेक्षा एक पॉइंट एक डीबीनं वर.

"बांधीत पाणी भरलंय, साहेब. त्यावरून लहरी उलटून येतात. त्या थेट लहरींत मिसळल्या. दुपारचा एकही आकडा खरा नाही. सकाळचे चार खरे."

कटरेंनी दुपारच्या ओळींवर एक तिरकी रेघ मारली.

भोजराज आंब्याखाली बसलेल्या शालीकरामवर फिरला. "कोरडी ठेवतो म्हटलं होतं ना, बुवा?"

"मी कुठं सुरू केली? ऑटोवर होती मोटार. दुपारी विजेची लाईन आली, चालू झाली." शालीकराम धोतर झटकत म्हणाला. "लाईनीले का मालूम, तुमची परीक्षा आहे म्हणून?"

शिडीवरून उतरून आलेला केवळराम हसला.

भोजराजनं मीटर स्वतःकडे वळवला. "किती कमी पडल्या?"

"सात दशांश. लहरी टिपणारी मधली नळी ताटलीपासून थोडी लांब बसली असावी. दहांचीही एकाच साच्यावर बसवली."

"साचा मीच केला होता." त्यानं पहिली ताटली मांडीवर घेतली आणि पान्यासाठी हात पुढे केला. रीतानं दिला.

"आठ दिवसांनी येतो," कटरे पिशवी उचलत म्हणाले. "पण कोरड्या जमिनीवर."

"इथं आता रोवणी होईल, धान कापेपर्यंत पाणी राहील जी," शालीकराम म्हणाला.

भोजराजनं मान वर केली नाही. "रोडापलीकडं तुझी पडीक आहे ना?"

"आहे. पण तिथं मोटार नाही."

"म्हणून तर इचारून राहिलो."